‘लो’ ओळखणारी मैत्रीण

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? बिनसाखरेचा चहा मागणारे आजोबा, नाहीतर भल्या पहाटे हात हलवत भराभर चालणारे शेजारचे काका. दोन वेण्या घातलेली, पाठीवर दप्तर अडकवलेली तिसरीतली मुलगी काही येत नाही. त्यामुळे अशा एखाद्या मुलीला मधुमेह आहे असं कळलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘छे गं, एवढ्याशा पोरांना कुठं होतो?’ आणि दुसरं वाक्य, जे त्या आईच्या काळजाला घरं पाडतं, ते म्हणजे ‘लहानपणी गोड फार दिलं असणार!’

तर आधी हे मनातून काढून टाकू या. मुलांमध्ये आढळणारा मधुमेह बहुतेक वेळा ‘टाइप वन’ प्रकारचा असतो. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तिच्यातल्या काही पेशी इन्सुलिन तयार करतात. या पेशींवर शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. यात पेढे-बर्फीचा दोष नाही, आईचा तर नाहीच नाही. तो शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं लागत नाही. शरीरात तयार न होणारं इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं, तेही इंजेक्शननं, दिवसातून अनेकदा आणि आयुष्यभर. (गोळी का नाही, असं प्रत्येक आजी विचारते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पोटात गेलं तर ते डाळीसारखं पचून जाईल!) इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या २०२१ च्या अहवालानुसार आपल्या देशात वीस वर्षांखालच्या सव्वादोन लाखांहून अधिक मुलांना टाइप वन आहे. म्हणजे तुमच्या गावात, तुमच्या मुलाच्या शाळेत असं एखादं मूल असणं मुळीच अशक्य नाही. आपल्याला ते माहीत नसतं, एवढंच.

का माहीत नसतं? कारण ते लपवलं जातं. आणि मला आज बोलायचंय ते या लपवण्याबद्दल आणि त्यामुळे त्या मुलांच्या मैत्रीचं काय होतं त्याबद्दल.

इन्सुलिन किती, कधी, जेवण काय, हे सगळं डॉक्टर लिहून देतात. पण पोरगं शाळेत एकटं पडलं तर काय करायचं, हे कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. आणि आयांशी बोलायला बसलं, की पंधरा मिनिटांत गाडी तिथंच येते. ‘सुईची सवय होते हो, पण मधल्या सुट्टीत एकटी बसते, ते बघवत नाही.’

मधली सुट्टी हीच खरी अवघड जागा आहे. आपल्याकडची मुलांची मैत्री डब्यातून सुरू होते. ‘तुझ्या डब्यात काय?’ हा जगातला सर्वांत जुना ओळखीचा प्रश्न असावा. एकीची गूळपोळी, दुसरीचा चिवडा, तिसरीच्या आईनं दिलेली लोणच्याची फोड, सगळं गोल करून बसायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. त्या गोलात जिला ‘तू नको खाऊस, तुला चालत नाही’ असं सांगितलं जातं, तिला काय वाटत असेल? आणि हे सांगणारी दुष्ट नसते, बरं का. काळजीनंच सांगते. पण दोन-चारदा असं झालं, की मुलगी आपणहून बाजूला बसायला लागते, कोणी विचारलंच तर ‘मला भूक नाही’ म्हणते.

वाढदिवसाचंही तसंच. बोलावणाऱ्या आईला वाटतं, ‘बिचारीसमोर केक कापायचा, तिला द्यायचा नाही, त्यापेक्षा बोलवायलाच नको.’ मन चांगलं, पण परिणाम उलटा. खरं तर आता डॉक्टर मुलांना सगळं बंद करून ठेवत नाहीत. पोळी, भात, फळं, बटाटा या सगळ्यातूनच साखर तयार होते. मग त्या हिशेबात केकचा लहान तुकडाही बसवता येतो. किती खाल्लं त्याप्रमाणे इन्सुलिनचं प्रमाण ठरवायला डॉक्टर शिकवतात आणि नऊ-दहा वर्षांची मुलंसुद्धा हा हिशेब तोंडपाठ करतात. तेव्हा न बोलावण्यापेक्षा तिच्या आईला एक फोन करायचा, ‘वहिनी, संध्याकाळी सहाला केक, साडेसातला पुलाव. तिचं कसं करू या?’ बस्स. जेवायची वेळ आणि पदार्थ आधी कळले, की पुढचं ती आई बघते.

पण हा फोन यायचा, तर त्या घरी माहीत तरी हवं ना! आणि इथंच आपली गाडी अडते. मुलगा असला तर थोडंफार सांगितलं जातं. मुलगी असली, की घरातली थोरली माणसं दाराला कडी लावून सांगतात, ‘कुणाला बोलू नका. मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं काय?’ मुलगी आठ वर्षांची आणि चर्चा लग्नाची! मी या भीतीला हसणार नाही. लहान गावात बातमी किती वेगानं फिरते आणि ती किती वर्षं टिकते हे आपण सगळ्या जाणतो. हळदीकुंकवाला गेलं की चार बायका वळून बघतात, पाचवी कारल्याचा रस सुचवते, सहावी कुठल्यातरी बाबाचा पत्ता देते, ‘इंजेक्शन बंद होतं म्हणे.’ (हा सल्ला मात्र कानाआड करण्याइतकाही साधा नाही. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेततं.) एवढं सगळं ऐकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्या आईला वाटलं तर नवल नाही.

ही लपवण्याची गोष्ट आजची नाही आणि फक्त आपल्याकडचीही नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी या मुलांना अक्षरशः उपाशी ठेवणं, हाच काय तो उपचार होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँटिंगकडे एक मुलगी आली, एलिझाबेथ ह्यूज. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची ही लेक. वय पंधराच्या घरात आणि वजन जेमतेम वीस किलो. इन्सुलिन सुरू झालं आणि मुलगी बघता बघता भरली. पुढे तिनं शिक्षण घेतलं, लग्न केलं, तीन मुलांची आई झाली आणि १९८१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी गेली. किती छान ना? पण या बाईंनी आपला मधुमेह जन्मभर गुप्त ठेवला. अगदी जवळची मोजकी माणसं सोडली तर मित्र-मैत्रिणींनाही पत्ता लागू दिला नाही. वडिलांच्या कागदपत्रांमधले आपल्या आजाराचे उल्लेखही त्यांनी काढून टाकले, असं इन्सुलिनचा इतिहास लिहिणारे मायकेल ब्लिस नोंदवतात.

एलिझाबेथबाईंना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. त्यांना ते जमलं. पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, हवा तेव्हा दार लावून घेता येईल अशी स्वतःची खोली होती. पण साठ मुलांच्या वर्गात, बाकावर तिघी बसतात तिथं, आपल्या तालुक्याच्या गावातल्या मुलीनं हे कसं निभवायचं? तिला इन्सुलिन घ्यायला शाळेच्या संडासात जावं लागतं. कडी नीट लागत नाही, एका हातानं दार धरायचं आणि दुसऱ्या हातानं पोटात सुई टोचायची. मैत्रीण बाहेरून विचारते, ‘काय करतेस गं एवढा वेळ?’ मग एक खोटं सांगायचं. ते खोटं लक्षात ठेवायचं. उद्या दुसरं. ज्या मैत्रिणीला रोज खोटं सांगायचं, तिच्याशी जिवाभावाचं कसं जुळणार? मुलगी मग हळूहळू मैत्रिणीच टाळते. आणि तेरा-चौदाव्या वर्षी, जेव्हा चारचौघींसारखं दिसणं हेच सगळ्यात महत्त्वाचं असतं, तेव्हा ती सुईच टाळायला लागते. डॉक्टरांना हे वय म्हणूनच सगळ्यात धास्तीचं वाटतं.

लपवण्यातला खरा धोका तर याहून साधा आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या रक्तातली साखर कधी कधी एकदम खाली येते. डबा उशिरा खाल्ला, पळापळी जास्त झाली, इंजेक्शन घेऊन जेवण अर्धंच गेलं, की असं होतं. या मुलांच्या भाषेत त्याला ‘लो’ म्हणतात. ‘आई, मी लो आहे.’ साखर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, धडधडतं, सपाटून भूक लागते. काहींची चिडचिड होते, काही गप्प होऊन एकाच जागी बघत बसतात, विचारलं तर भलतंच बोलतात. आणखी खाली गेली तर शुद्ध हरपते. गंमत अशी, की मेंदूलाच साखर कमी पडत असल्यानं ज्याला ‘लो’ होतंय त्यालाच ते कधी कधी उमगत नाही. ते आधी दिसतं शेजारी बसणाऱ्याला. बाईंना साठ मुलांत दिसणार नाही, आई तर घरीच. ज्या मैत्रिणीला हे माहीत आहे, ती म्हणते, ‘ए, तुझा चेहरा असा का झालाय? साखर खा आधी.’ जिला माहीत नाही, तिला वाटतं, ही आज उगाच रुसली आहे.

मला भेटलेल्या एका आईनं काय केलं, सांगते. मुलगी पाचवीत. नव्या शाळेत घातली तेव्हा घरच्यांचा हुकूम होता, बोलायचं नाही. दोन महिन्यांत मुलीचं हसणंच गेलं. एका रविवारी या बाईंनी, कुणाला न विचारता, मुलीच्या बाकावरच्या दोघींना आणि त्यांच्या आयांना घरी पोहे खायला बोलावलं. पोहे झाल्यावर मुलीनंच मीटर काढलं, बोट टोचून आकडा दाखवला. त्या दोघींचे डोळे हे एवढे! पहिला प्रश्न, ‘दुखतं का गं?’ दुसरा, ‘मी पण टोचू?’ (इथं मात्र ठाम ‘नाही’ म्हणायचं. एकाची सुई दुसऱ्याला टोचायची नाही, कितीही हौस असली तरी. शिवाय प्रत्येक पट्टीला पैसे पडतात.) मग आईनं एका डबीत ग्लुकोजची पावडर भरून दाखवली. ‘हिचा चेहरा असा झाला, घाम आला, तर हिला एकटीला पाणी प्यायला पाठवायचं नाही. बसवायचं. ही पावडर द्यायची. एकीनं थांबायचं, एकीनं बाईंना बोलवायचं.’ दहा मिनिटांचं काम. त्या आया सुरुवातीला अवघडल्या होत्या. निघताना एक जण म्हणाली, ‘अहो, मग आधी का नाही सांगितलंत? मला वाटलं तुमची मुलगी जरा घमेंडखोर आहे, कुणाचं काही खात नाही.’

बघा, आपण लपवतो तेव्हा समोरचा काहीतरी कारण शोधतोच. आणि ते कारण बहुधा मधुमेहापेक्षा वाईट असतं.

त्या डबीबद्दल दोन शब्द, कारण त्या कुणाच्याही आईला उपयोगी पडतील. ‘लो’ झालं की लगेच रक्तात उतरणारी साखर हवी, साधारण १५ ग्रॅम. म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घोळून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. अगदी लहान मुलाला त्याहून कमी लागते, ते प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यायची. चॉकलेट देऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर उतरायला वेळ लागतो. बरं वाटल्यावर, जेवायला अवकाश असेल तर पोळी किंवा बिस्किटं. आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि तडक दवाखाना.

मैत्रिणींना सांगितलं, की एक वेगळीच भानगड उद्भवते. मैत्रिणी पोलीस होतात! ‘काकू, हिनं आज पेढा खाल्ला.’ ‘काकू, हिनं डबा नाही संपवला.’ आणि आपल्याला, खरं सांगायचं तर, हे आवडतं. शाळेत आपला एक डोळा ठेवल्यासारखं वाटतं. पण हा मोह आवरायला हवा. चुगली करणारी मैत्रीण मैत्रीण राहत नाही, आणि मग मुलगी पेढा तिच्यापासूनही लपवून खाते. काकूंनी हसून म्हणावं, ‘असू दे, ती आणि मी बघू. तू फक्त ती लो झाली तर सांग.’ तिच्यावर एवढंच काम सोपवावं. दहा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर याहून जास्त ओझं नको.

सगळ्या वर्गाला सांगायलाच हवं का? माझ्या मते नाही. बाई किंवा सर, खेळाचे शिक्षक आणि बाकावरच्या दोघी-तिघी यांना कळायलाच हवं. बाकीच्यांचं मुलानं स्वतः ठरवावं. कुठलं मूल पहिल्याच दिवशी सगळ्यांना मीटर दाखवत फिरतं, कुणाला वर्ष लागतं. शब्दही त्याचेच असू देत. सहा वर्षांचा मुलगा सांगेल, ‘माझ्या पोटातलं एक मशीन बंद पडलंय, म्हणून मी त्याला बाहेरून औषध देतो.’ पुरे झालं की! बालदिन आणि जागतिक मधुमेह दिन दोन्ही १४ नोव्हेंबरलाच असतात. तो दिवस बँटिंग यांचाही वाढदिवस. वर्गात बोलायचंच असेल, तर त्या दिवशी बाईंकडे दहा मिनिटं मागून घ्यायला ते चांगलं निमित्त आहे.

चिडवणारी पोरं असतातच. ‘ए साखरे’, ‘ए सुईवाली’ असली नावं पडतात. चिडवणं फार झालं तर बाईंशी बोलावंच, पण कुजबुजून सांगितलेल्या गोष्टीवर जितकं चिडवतात तितकं उघड सांगितलेल्या गोष्टीवर नाही, हे अनेक आयांनी सांगितलेलं आहे. मुलग्यांना वसीम अक्रमचं नाव सांगा. १९९७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर त्याला मधुमेह निघाला. इन्सुलिन घेत तो खेळत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. मुलींना सोनम कपूर माहीत असते. आपल्याला सतराव्या वर्षापासून टाइप वन आहे, हे तिनं जाहीरपणे सांगितलेलं आहे.

खेळाचं तर आवर्जून सांगायला हवं, कारण तिथं शाळा हमखास घाबरते. ‘तू बस, स्कोअर लिही.’ एका मुलानं दोन वर्षं फक्त स्कोअर लिहिला! खो-खो, कबड्डी, लंगडी या मुलांना बंद नाही. उलट व्यायाम हवाच. पळापळीनं साखर खाली येते, म्हणून खेळायच्या आधी तपासून घ्यायचं, गरज असेल तर थोडं खायचं आणि डबी सरांच्या खिशात ठेवायची. मैदानावर झालेली मैत्री डब्याच्या मैत्रीइतकीच घट्ट असते, ती या मुलांना नाकारू नये. सहलीचंही तेच. इन्सुलिन तापलेल्या बसमध्ये वरच्या फळीवर ठेवायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात सावलीला ठेवायचं, एवढं एका शिक्षकाला समजावलं, की ‘नको बाई, जबाबदारी कोण घेणार’ ची धार जरा कमी होते.

शाळेनं अगदीच ऐकलं नाही तर हातात काही कागद असलेले बरे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना लिहून कळवलंय, की टाइप वन असलेल्या मुलांना शाळेत साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि मधे खायला मुभा द्यावी. सीबीएसईनं तर २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेत या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, पाण्याची बाटली जवळ ठेवायला परवानगी दिली आहे. हे मुख्याध्यापकांसमोर शांतपणे ठेवावं. आणि त्याच वेळी एक मागणी करावी: इन्सुलिन घ्यायला संडास नको, स्टाफरूमचा एक कोपरा द्या.

इतकं करूनही एक गोष्ट बाकावरची मैत्रीण देऊ शकत नाही. ‘मलाही होतं असं’, हे ती म्हणू शकत नाही. त्यासाठी आपल्यासारखंच दुसरं मूल भेटावं लागतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. लिओनार्ड वेंट यांनी १९२५ मध्येच, म्हणजे इन्सुलिन येऊन तीन वर्षं होतात न होतात तोच, अशा मुलांचं पहिलं शिबिर भरवलं होतं. आपल्याकडे नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापन केलेला ड्रीम ट्रस्ट आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था या मुलांसाठी काम करतात. तुमच्या जवळ असं काही नसेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे येणाऱ्या आणखी कुठल्या घरचा नंबर त्या घराच्या संमतीनं मिळेल का. दोन मुलं आणि दोन आया जमल्या, तरी पुरतं.

अशाच एका मेळाव्याला गेलेली नऊ वर्षांची मुलगी परतताना एसटीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून काय म्हणाली, ते तिच्या आईनं मला सांगितलं. ‘आई, जेवायच्या आधी सगळ्यांनी एकदम शर्ट वर केले आणि सुया घेतल्या. मी एकटीच नव्हते. आणि ती वर्ध्याची मुलगी आहे ना, तिला आकडा सांगितला की ती लगेच सांगते, किती पळायचं ते.’ मग थोडं थांबून, ‘तिला आपल्या घरी बोलवू या दिवाळीला? तिच्यासाठी वेगळं काही करावं लागणार नाही.’